बाबा दोनदा पडले, घरात आधी काय बदलू? मदत हवी आहे

वडील 78 वर्षांचे. डोकं तल्लख, ऐकू जरा कमी येतं. गेल्या दोन महिन्यांत दोनदा पडले, दोन्ही वेळा पहाटे तीनच्या सुमारास लघवीला उठले तेव्हा. पहिल्यांदा आम्हाला कळलंच नाही. कोपर काळंनिळं दिसलं म्हणून खोदून विचारलं, तर "चप्पल अडकली" म्हणाले. दुसऱ्यांदा आधाराला टॉवेलची दांडी धरली, ती स्क्रूसकट हातात आली. हाड मोडलं नाही हे नशीब.

सैल पायपुसणी उचलली, बाथरूममध्ये रबरी मॅट घातली, वाटेत रात्रीचे दिवे लावले. आता सगळ्या टाइल्स उखडून खडबडीत घालाव्यात का, यावरून भावाशी वाद चालू आहे. त्यात आईने त्यांना जागचं हलू द्यायचं नाही असं ठरवलंय. पाणीसुद्धा हातात नेऊन देते. काठीचं नाव काढलं की बाबा उठून दुसऱ्या खोलीत जातात. (काठीशिवाय, अर्थात.)

कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. टाइल्सचं राहू द्या. ते ओल्या फरशीवर घसरले, की पलंगावरून उठून दोन-चार पावलांत पडले? गोळ्या कोणत्या आणि कधी घेतात? घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. शेजारी कुणीतरी धरायला हवं.

धागाकर्ती
आज मोजलं. झोपून 146, उभं राहिल्यावर 118! मग कबूल केलं, डोळ्यांपुढे अंधारी आली होती, दोन्ही वेळा. चप्पल बिचारी उगाच बदनाम. गोळ्या: बीपीच्या दोन, प्रोस्टेटची एक आणि झोपेची एक. चारही रात्री एकदम.

प्रतिसाद १
वरचा आकडा 20 किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही बीपी उतरतं, झोपेच्या गोळीने रात्री तोल जातो. पण स्वतःहून काही बंद करू नका. झोपेची गोळी एकदम थांबवली तर त्रास होऊ शकतो, ती हळूहळू कमी करावी लागते. आकडे लिहून सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन जा. तोवर उठताना पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटं बसायचं, पावलं वरखाली हलवायची, मग उभं राहायचं. रात्रीपुरती लघवीची बाटली पलंगाशी ठेवा.

प्रतिसाद २
ग्रॅब बार (धरून उठायच्या दांड्या) जरूर बसवा, पण पक्क्या भिंतीत, कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी. रबरी व्हॅक्यूम कपने भिंतीला चिकटणारे घेऊ नका, ते भरवशाचे नसतात. घरातही मागून बंद आणि न घसरणाऱ्या तळव्याची पादत्राणं द्या. चष्मा बायफोकल असेल तर जिना उतरताना पायऱ्या अस्पष्ट दिसतात, तेही बघा.

आईंना एवढंच सांगा की बसवून ठेवलं तर मांड्यांची ताकद जाते आणि पुढचं पडणं जवळ येतं. माझ्या सासूबाईंना बीपी सावरल्यावर रोज खुर्चीतून हात न टेकता उठबस आणि ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकत चालणं शिकवलं होतं. सुरुवातीला दोनदाही जमत नव्हतं.

आणि डोक्यावर पडले, त्यात रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना.

धागाकर्ती
तसली गोळी नाही, पण लक्षात ठेवते. डॉक्टरांना दाखवून आलो. बीपीची एक गोळी सकाळी, झोपेची पुढच्या काही आठवड्यांत कमी करत बंद. टाइल्सचा वाद मिटला, भाऊ ग्रॅब बारसाठी भिंतीत भोकं पाडतोय. बाटलीला मात्र बाबा ठाम नकार देतात. "तुझ्या आईसमोर?" म्हणाले. पलंगाभोवती पडदा लावू का? आणि काठीसाठी तुमच्यापैकी कुणी वडिलांना राजी केलंय का? कसं?