एकच पाय आत कलतोय, कस्टम इनसोल करून घ्यावेत का?

फळा_खडू (नाशिक)
नमस्कार मंडळी. वय ४४, हायस्कूलला शिक्षिका आहे, दिवसभर शहाबादी फरशीवर उभं राहून तास घ्यायचे. गेल्या पावसाळ्यापासून उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला दुखतंय. आधी वाटलं टाचदुखी असेल, म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून शेकणं वगैरे सगळं झालं, पण दुखणं टाचेत नाहीच, घोट्याच्या हाडाच्या मागून खाली येत तळव्यात उतरतं आणि संध्याकाळी तिथेच सूज असते. मुलगी म्हणाली आई मागून बघितलं की तुझा उजवा घोटा आत पडल्यासारखा दिसतो. चप्पलही उजवीच आतून झिजते.
मॉलमधल्या एका दुकानात मशीनवर उभं केलं, लाल-पिवळं चित्र दाखवलं आणि म्हणाले मॅडम फ्लॅट फूट आहे, कस्टम इनसोल घ्या, आठ हजार, आयुष्यभराचं काम. मिस्टर म्हणतात ऑनलाइन सहाशेचे जेलवाले माग. धाकटा ९ वर्षांचा आहे, त्याचाही तळवा सपाटच दिसतो, दुखत मात्र काही नाही, त्यालाही घ्या म्हणाले दुकानवाले. काय करू?

पळतो_थोडाफार
ताई जेलवाले नका घेऊ. मऊ लागतात म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटतं, पण कमानीला आधार काहीच नाही, वजन पडलं की दबून जातात. माझे दोन्ही पाय जन्मापासून सपाट, मी रेडीमेडच वापरतो, पण कडक कमानीचे, आणि त्यावर हाफ मॅरेथॉनची तयारी करतोय. कस्टमची गरज पडली नाही कधी. आठ हजारात दोन जोड चांगले बूट येतील.

फिजिओ_कोथरूड
वरच्या दादांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे, पण ताईंची केस वेगळी वाटते. जन्मापासून दोन्ही पाय सपाट असणं आणि चाळिशीनंतर एकच पाय सपाट होत जाणं, या दोन गोष्टी एका खात्यात टाकू नका. पोटरीतून एक स्नायू खाली येतो, टिबिआलिस पोस्टिरिअर, त्याची दोरी आतल्या घोट्याच्या मागून वळून तळव्यात जाते आणि कमान धरून ठेवते. ती सुजली किंवा सैल पडली की कमान बसते, टाच बाहेर कलते, आणि मागून बघितलं तर त्या पायाची जास्त बोटं बाहेर डोकावताना दिसतात. चाळिशीपुढच्या बायकांत, वजन जास्त असेल किंवा डायबेटिस असेल तर हे जास्त होतं.
घरी एक करून बघा. भिंतीला हात टेकवून आधी डाव्या एका पायावर उभं राहा आणि चवड्यावर उठा, मग उजव्यावर. फार दुखलं तर ओढून ताणून करू नका.
मशीनच्या रंगीत चित्रात तळव्यावर दाब कुठे पडतो एवढंच कळतं, तो का पडतो ते कळत नाही. म्हणून इनसोलआधी ऑर्थोपेडिक डॉक्टर, आणि एक्सरे उभं राहूनच काढून घ्या, झोपून काढला तर कमान किती बसलीय ते दिसत नाही.
धाकट्याला दोन्ही पायांच्या चवड्यावर उभं करा. कमान दिसायला लागली, दुखत नाही, खेळतो-पळतो, तर त्याला काहीच नको. मुलांची कमान आठ-दहा वर्षांपर्यंत भरत असते आणि दुखत नसेल तर इनसोल घालून तिचा आकार बदलतो असा पुरावा नाही.
आणि कस्टम म्हणजे भारीच असंही नाही हं. साध्या टाचदुखीवर ऑस्ट्रेलियात १३५ जणांचा अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला. काहींना नुसते मऊ दिखाऊ इनसोल, काहींना रेडीमेड, काहींना कस्टम. सुरुवातीला थोडा फरक दिसला, वर्षाने तिन्ही गट जवळपास सारखेच.

फळा_खडू
धन्यवाद, आत्ताच करून बघितलं. डावीकडे सहज जमलं, उजवी टाच उचलतच नाही, नुसतं पुढे झुकायला होतं. धाकट्याची कमान मात्र छान दिसली, त्याचा विषय संपला. शनिवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. पण समजा इनसोल दिले तर वापरू कशात? घरात अनवाणी, बाहेर चप्पल, आणि शाळेत साडीवर बूट म्हणजे स्टाफरूमला वर्षभराचा विषय.

साचेवाला_ऑर्थोटिस्ट
हाच प्रश्न आधी विचारायचा असतो आणि कुणी विचारत नाही. माझ्याकडे लोक हजारो रुपये देऊन इनसोल करून नेतात, बुटात घालतात आणि घरी आल्यावर उरलेला सगळा वेळ फरशीवर अनवाणी. मग म्हणतात फरक नाही. घरात घालायला मागे पट्टा असलेली सँडल वेगळी ठेवा, त्यातच आधार बसवून मिळतो. साडीखाली काळा, फीत असलेला बंद बूट फारसा दिसत नाही, फक्त टाचेभोवतीचा भाग कडक हवा आणि आतला तळ सुटा निघणारा हवा, नाहीतर इनसोल वर बसून टाच बाहेर येते.
तुमच्यासारख्या केसमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलं तर कस्टमला अर्थ आहे, कारण टाच खोल वाटीत धरून सरळ ठेवावी लागते, ते सपाट रेडीमेडला जमत नाही. माप घेताना बघा: पाय हातात धरून, टाच सरळ करून मग पीओपीचा साचा किंवा फोममध्ये ठसा घेतात. नुसतं उभं करून स्कॅन केला तर पाय वाकडा आहे तसाच वाकडा साचा येतो. पाय अजून लवचिक असेल तरच टाच अशी सरळ होते, आखडला असेल तर तो आहे तिथेच आधार द्यायचा, ढकलायचा नाही.
पहिल्या दिवशी तासभरच घाला, मग रोज थोडं वाढवा. कमानीला बोचल्यासारखं होतं थोडे दिवस, पण फोड आला किंवा कातडी लाल राहिली तर परत आणून घासून घ्या, ते करून देणं आमचं काम आहे. आयुष्यभर वगैरे काही नसतं, इनसोलचा फोम (ईव्हीए) दबतोच. शुगर असेल तर आधी सांगा, मग वर एमसीआरचा, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराचा, मऊ थर लागतो. करणाऱ्याकडे रिहॅबिलिटेशन काउन्सिलची नोंदणी आहे का विचारा. मुंबईत येणं होत असेल तर हाजी अलीच्या एआयआयपीएमआर या सरकारी पुनर्वसन संस्थेत असे आधार बनवणारा विभाग आहे.

भरती_२६
सर इनसोल घातल्यावर आर्मी मेडिकलला फ्लॅट फूट पास होतो का

फिजिओ_कोथरूड
नाही रे, तपासणी अनवाणीच असते. चवड्यावर उभं राहिल्यावर कमान परत येते का, पाय लवचिक आहे का, दुखत नाही ना, चवड्यावर नीट पळता येतं का, हे बघतात. ते सगळं असेल तर सपाट दिसला म्हणून लगेच बाद करत नाहीत.
ताई, सोबत पोटरीचा आणि त्या दोरीचा व्यायामही लागेल, नुसत्या इनसोलवर थांबू नका. पण तो डॉक्टर बघून झाल्यावरच, आत्ता सुजेवर चवड्याचे व्यायाम नकोत.

फळा_खडू
बरं. शनिवारी जाताना काय घेऊन जाऊ?

साचेवाला_ऑर्थोटिस्ट
रोजची झिजलेली चप्पल. दवाखान्यात जायचं म्हणून नवी घालून जाऊ नका.