जर्सी शोअर: बोर्डवॉकचा गजबजाट की मोकळा किनारा? अनुभव लिहा

जुलैत नाशिकहून दादा-वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आई येतायत. एक दिवस इथे न्यू जर्सीच्या समुद्रावर जायचं हे ठरलंय, कुठे ते नाही. मुलांना पाळणे हवेत, दादाला शांतता, आईला टेकायला बाक आणि हाकेच्या अंतरावर बाथरूम. सीसाइड हाइट्सचा बोर्डवॉक (किनाऱ्यालगतचा लाकडी फळ्यांचा रस्ता, कडेला पाळणे आणि दुकानं) आणि आयलंड बीच स्टेट पार्क एकाच चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर आहेत. गार्डन स्टेट पार्कवे या महामार्गाची 82 नंबरची एक्झिट घेऊन पूल ओलांडला की समोर जत्रा. तिथून दक्षिणेला थोडं गेलं की मैलोन्‌मैल दुकान नाही की हॉटेल नाही. त्यामुळे अंतराची सबब नाही, निवडच करायची आहे. 'दोन्ही छान' असं नको. कोणाला घेऊन गेला होतात आणि काय जाचलं, तेही लिहा.

एडिसनहून

सासू-सासरे बरोबर असतील तर बोर्डवॉक, वादच नाही. वाळूत चालताना सासूबाईंचे गुडघे बोलायला लागतात. फळ्यांवर मात्र त्या आमच्या पुढे चालतात. आम्ही ओशन सिटीला नेतो. (आपल्या न्यू जर्सीतलं. मेरीलँडमध्येही एक आहे, जीपीएसला राज्य सांगा.) 1879 मध्ये मेथडिस्ट धर्मगुरूंनी वसवलेलं हे गाव, आजही तिथे दारू विकत नाहीत. रात्री दहालाही आजी-आजोबांना अवघडल्यासारखं होत नाही. खाण्यात शाकाहाऱ्यांना फ्राइज, पिझ्झा, फनेल केक. तेवढ्यावर दिवस निघतो, पण सासरे संध्याकाळी भातच मागतात.

सीगलपासून मात्र सावध. हातातली फ्राय पळवतात. 2019 मध्ये गावाने त्यांना धाक म्हणून चक्क ससाणे आणि इतर शिकारी पक्षी आणले होते!

चेरी हिलहून

वाइल्डवुडबद्दल एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. बोर्डवॉक सुमारे 2 मैलांचा, त्यावर ट्रामगाडी, किनारा फुकट, सगळं खरं. पण वाळूचा पट्टा इतका रुंद आहे की बोर्डवॉकवरून समुद्र म्हणजे लांबची निळी रेघ. भर दुपारी तापलेल्या वाळूतून छत्री, कूलर आणि रडणारं पोर घेऊन पाण्यापर्यंत जाणं ही वारीच आहे. ज्यांना पाण्यात पाय बुडवून परत बाकावर यायचंय, त्यांनी तिथे जाऊ नये.

जर्सी सिटीहून, गाडी नाही

शांत किनारा गाडीवाल्यांचा. आम्हाला ट्रेन नेईल तिथला समुद्र, म्हणजे अॅस्बरी पार्क नाहीतर पॉइंट प्लेझंट बीच. अपवाद सँडी हूकचा: उन्हाळ्यात मॅनहॅटनहून तिथे फेरीबोट जाते. 1764 चं दीपगृह, ड्युन्स (वाळूच्या टेकड्या) आणि पलीकडे मॅनहॅटनच्या इमारती, हे सगळं एका दिवसात. पायवाटांच्या कडेला अंगाला खाज आणणारी पॉइझन आयव्ही असते, तीन पानांचं झुडूप दिसलं की हात लावू नका.

आणि हो, आईंना नेणार असाल तर 'जी' पार्किंग लॉट टाळा. त्यापुढच्या गनिसन बीचवर कपडे ऐच्छिक आहेत. तशी पाटी लावलेली असते, पण आपली माणसं गप्पांच्या नादात पाट्या वाचत नाहीत.

प्रिन्स्टनहून

मी आयलंड बीचच्या बाजूने. सुमारे 10 मैल न बांधलेला किनारा या राज्यात दुसरीकडे शोधून दाखवा. खांबांवर ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याची घरटी, दक्षिण टोकाला गेलं की खाडीपलीकडे बार्नेगटचं दीपगृह. ड्युन्सवर पाय ठेवायचा नाही. तिथलं गवतच वाळू धरून ठेवतं, ते तुडवलं की वारा वाळू उडवून नेतो. कोल्हे गाडीजवळ येतात, त्यांना खायला घालू नका. माणसांना सोकावलेला कोल्हा गाडीखाली येतो.

आता जाच. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची मर्यादा भरली की गेट बंद. सकाळी लवकर पोचा, नाहीतर रांगेतून परत. दुसरं, हिरव्या डोळ्यांच्या माश्या. जुलैत वारा पश्चिमेकडून, म्हणजे खाडीकडून वाहिला की त्या किनाऱ्यावर येतात आणि डसत नाहीत, लचके तोडतात. हवामानात पाऊस बघता तसा वारा बघा.

पार्सिपनीहून

दोन लहान मुलं असतील तर माझ्या हिशेबात पाळणे नंतर, लाइफगार्ड आधी. रिप करंट, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे जाणारा जोरदार प्रवाह, बघायला फसवा असतो: लाटा फुटत नाहीत तो शांत पट्टाच आत ओढतो. पार्कात लाइफगार्ड ठरावीक भागांतच असतात, बाकीचा लांबच लांब किनारा चालायला. मोकळं दिसलं म्हणून मुलांना कुठेही पाण्यात सोडायचं नाही. बोर्डवॉकच्या गावांतही संध्याकाळी त्यांची वेळ संपली की मुलं बाहेर.

पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच लहरी. जुलैत दक्षिणेचा वारा सलग वाहिला की वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि तळाचं गार पाणी वर येतं. बाहेर भाजतंय आणि पाण्यात पाय बधिर!

रत्नागिरीहून, सध्या मुलाकडे

समुद्रावर जायला बॅज (किनाऱ्याचा प्रवेशपास) विकत घ्यायचा हे मला पटलेलं नाही, पण नियम तो नियम. 12 वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. अटलांटिक सिटीत कोणालाच लागत नाही. तिथला बोर्डवॉक 1870 चा, देशातला पहिला. लोकांच्या पायाची वाळू हॉटेलांत आणि रेल्वेच्या डब्यांत जाऊ नये म्हणून फळ्या टाकल्या. म्हणजे मूळ सोय गालिच्यांची! मला तिथे बसून माणसं बघायला आवडलं. एकटा असतो तर पार्कातही रमलो असतो. पण मुलगा-सून मागे फोनवर आणि मी पुढे वाळूत, त्यापेक्षा बाक बरा.

टॉम्स रिव्हरहून

'नैसर्गिक' शब्द जरा जपून. इथल्या बऱ्याच किनाऱ्यांवरची वाळू समुद्रतळातून पंपाने उपसून आणलेली आहे, काही ड्युन्स बुलडोझरने रचलेत. काही ठिकाणी त्यामुळे घरातून समुद्र दिसेनासा झाला म्हणून लोक चिडले. पण 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळात सीसाइड हाइट्सचा रोलर कोस्टर समुद्रात जाऊन उभा राहिला, ते पाहिल्यावर माझी तरी तक्रार मिटली. पुढच्याच सप्टेंबरात त्या बोर्डवॉकला आग लागली. तरी पुन्हा बांधला, आणि पुन्हा तीच गर्दी.

दादांना सकाळी आठला पार्कात न्या, चारला सगळे बोर्डवॉकवर. आईंना आणि ज्यांना ऊन सोसत नाही त्यांना थेट चारलाच आणा, दोन गाड्या करा.

केप मेहून

दोन्ही नको असेल तर डेलावेअर बे, म्हणजे आतल्या उपसागराचा किनारा. सनसेट बीचवर गारगोट्या वेचायच्या, 1926 पासून अडकलेल्या काँक्रीटच्या जहाजाचे अवशेष दिसले तर बघायचे, लाटा नावापुरत्या. दादा मे-जूनमध्ये आले असते तर अमावास्या-पौर्णिमेच्या रात्रीच्या भरतीला अंडी घालायला आलेले हॉर्सशू क्रॅब (घोड्याच्या नालेच्या आकाराचे, खेकड्यासारखे जीव) दाखवता आले असते. पुढच्या खेपेला तसं तिकीट काढायला सांगा. उताणा पडलेला दिसला तर मुलांना सुलटा करू द्या, चावत नाही. फक्त शेपटीला धरून उचलायचं नाही, कवचाच्या कडेला धरायचं.