तळ्याकाठची, नदीकाठची वाट चाललात का? आपल्या इकडचे अनुभव लिहा

मेहकरची लेक
भाचीनं कोकणात समुद्राच्या कडेकडेनं किल्ल्यापर्यंत चालत गेल्याचे फोटो पाठवले आणि मला लोणारच्या तळ्याची वाट आठवली. आपल्याकडे विदर्भात समुद्र नाही, पण खारं पाणी तर आहे! बाबा आम्हाला धारेवरून, म्हणजे गोमुखाच्या झऱ्यापासून, खाली उतरवायचे. आधी गोमुखाच्या गार पाण्याखाली डोकं, मग पायऱ्या, मग झाडीतून थेट काठ. वाटेत पडकी देवळं, आत वटवाघळं, आणि पुढे कमळजादेवीचं देऊळ. एकदा बाबांनी खिशातून चुंबक काढून काठच्या काळ्या मातीत फिरवला. बारीक कण त्याला उभ्या केसांसारखे चिकटले. उल्का पडून हे विवर झालं, जवळपास 1.8 किमी रुंद, हे शाळेत नंतर शिकले. चुंबक आधी पाहिला होता म्हणून ते लगेच पटलं. लोक वरून फोटो काढून निघून जातात, त्याचं फार वाईट वाटतं. तुम्ही कुठली वाट चाललात?

वऱ्हाडी_माणूस
सासूसुनेची विहीर राहिली की वो ताई! कमळजेपाशी. एका बाजूचं पाणी गोडं, दुसऱ्या बाजूचं खारं. आमची आजी चाखून पाहाले लावे.

अंजू_खामगाव
गोडी सासूची का सुनेची? 😄

वऱ्हाडी_माणूस
आजी म्हणे सुनेची. ती सोता सून म्हणूनच आलती नं त्या घरात.

पवनीवाला
आमच्या पवनीले या, भंडारा जिल्ह्यात. वैनगंगेचा घाट, जुना परकोट, खंदक, पावलापावलावर देऊळ. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं, बौद्ध स्तूप निघाला. आम्ही त्याच टेकडीवर गाई चारल्या. मास्तर सांगत, पोरांनो, पायाखाली दोन हजार वर्षं हायेत. संध्याकाळी घाटावरून परकोटाकडं चालत जा, मग सांगा.

शिक्षिका_रिसोड
2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा माझ्या वर्गातली पोरं घाबरली होती. कोणी म्हणे देवीचा कोप. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं; पाणी आटून खारेपणा वाढला, त्यात मिठात जगणारे सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा तो रंग. मी वर्गात सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम, म्हणजे देवीनं जिवंत रंग दिला. मला ते आवडलं, खोडलं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा अशी आंतरराष्ट्रीय मान्यता, जाहीर झाला, तेव्हा शाळेत पेढे वाटले.

अंजू_खामगाव
काठावर वास मात्र येतो हं, सडक्या अंड्यासारखा. नाकाला पदर लावूनच चालले. मोर खूप दिसले पण.

गडचिरोलीकर
मार्कंड्याले वैनगंगा उत्तरेकडे वळते. महाशिवरात्रीच्या जत्रेत आईबरोबर वाळूतून चालत जायचो. दगडी देवळांवरची कोरीव माणसं जवळून पाहा, अंगावरचे दागिने मोजता येतात. आई आता चालू शकत नाही. फोटो दाखवले की देवळाची जागा बरोबर सांगते.

मेहकरची लेक
@गडचिरोलीकर, आईंना नमस्कार सांगा दादा.

नवीन_सदस्य_बुलढाणा
लोणारले यंदा जायचं हाय. दैत्यसूदन मंदिर गावातच आहे नं? बाईक कुठं लावावी?

वऱ्हाडी_माणूस
गावातच. आधी तेच पाहा. लवणासुराला विष्णूनं मारलं ती गोष्ट तिथलीच. बाहेरच्या भिंती सावकाश फिरून पाहा, कोपऱ्याकोपऱ्यात मूर्ती आहेत. मग धार. ऊन वाढायच्या आत उतरा. चढताना जीव जातो बाप्पा, पाणी भरपूर घ्या.

शिक्षिका_रिसोड
आणि अभयारण्य आहे, प्लास्टिक खाली नेऊ नका. उतरायची परवानगी वरच विचारा, पाणी वाढलं की काठाची वाट बुडते.

नवीन_सदस्य_बुलढाणा
बरं झालं सांगितलं. सीताफळं मिळतात का तिकडं?

अंजू_खामगाव
दिवाळीच्या आधी या, टोपल्याच्या टोपल्या असतात. भाव करून घ्या.