८ फुटांवरून ५५ की ६५ इंची टीव्ही? मदत हवी आहे
कोथरूडचा फ्लॅट, हॉल १०×१४. सोफ्यापासून टीव्हीची भिंत ८ फूट. सोफा मागे सरकत नाही. टीव्हीचं माप ठरवायला अंतर (९६ इंच) भागिले १.६ केलं तर ६० इंच येतात, म्हणजे नेमकं अधलंमधलं! दोन्ही मापांचे कागद भिंतीला चिकटवून पाहिले. ६५ बरा वाटतो, पण घरात बराच वेळ सेट-टॉप बॉक्सवर एसडी (कमी रिझोल्यूशनचे) चॅनल चालतात, आणि मोठ्या पडद्यावर जवळून ते पुसट दिसतात.

खरी अडचण टीव्हीच्या प्लायच्या युनिटची. खण ५० इंच रुंद, ५५ इंचीची रुंदी साधारण साडेअठ्ठेचाळीस. बाजूंना जेमतेम पाऊण इंच. ६५ साठी युनिट कापावं लागेल. भिंत सिपोरेक्सची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकची).

पाऊण इंचात हवा खेळेल का, आणि बाजूच्या एचडीएमआय पोर्टला हात पोचेल का? की युनिट कापून ६५ घ्यावा, आणि मग सिपोरेक्समध्ये कोणते अँकर (भिंतीत स्क्रू धरून ठेवणारे) वापरावेत?