विषय: राज कपूरचा बंगलाही गेला (२०२३)

प्रेषक: स. गो., जिनिव्हा

मंडळी, नमस्कार.

बातमी पाहिलीत ना? चेंबूरचा राज कपूरचा बंगला गोदरेजने घेतला. २०१९ मध्ये त्याचा आर. के. स्टुडिओ त्यांनीच घेतला होता, आता घरही. म्हणजे तिथेही टॉवर. आपल्याकडे कुणाला कशाची चाड म्हणून राहिलेली नाही. इथे स्वित्झर्लंडमध्ये व्हेवेजवळ चार्ली चॅप्लिनचं घर कसं जपलंय ते आपण सगळ्यांनी बघितलंय. आपल्या मराठी मंडळातर्फे निषेधाचं एक पत्र तरी जावं असं मला वाटतं. मसुदा मी करतो, सूचना असतील तर कळवा.

आपला,
स. गो.

•

प्रेषक: मी. रा., न्यों

काका, पत्र पाठवणार कुणाला? घर कपूरांचं, विकलं कपूरांनी.

मी चेंबूरची. देवनार फार्म रोडवरून शाळेत जायचे, पण तो बंगला मी कधी धड बघितलेला नाही. दिसायची ती भिंत आणि भिंतीवरून डोकावणारी झाडं. शेजारी समाजशास्त्रं शिकवणारी टाटा इन्स्टिट्यूट (टिस). ती संस्था १९५४ मध्ये देवनारला आली तेव्हा मुंबईची माणसं त्या भागाला गावच समजत. राज कपूर तिकडे राहायला गेला तो मोकळ्या जागेसाठी, हे आता तिथल्या वाहतुकीत उभं राहून कुणाला सांगून पटणार नाही.

मला चुटपुट लागली ती स्टुडिओच्या गणपतीची. विसर्जनाला अख्खं कपूर खानदान ट्रकबरोबर रस्त्यावर उतरायचं आणि आम्ही गॅलऱ्यांतून लटकायचो. स्टुडिओ जळाल्यावरही त्यांनी २०१८ ला गणपती बसवला, तो शेवटचा. तो गणपती साऱ्या चेंबूरचा होता. बंगला त्यांचा होता.

मी.

•

प्रेषक: द. का., लोझान

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे फक्त वर्गणीच्या मेलला उत्तर देतो, पण हा विषय माझ्या गावाचा निघाला.

राज कपूरचं खरं गावाकडचं घर देवनारचं नव्हे. ते आमच्या लोणी काळभोरला, राजबाग. पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात की हडपसर सोडल्यावर थोड्याच वेळात लोणी येतं. तिथून थेऊरचा चिंतामणी हाकेच्या अंतरावर. मुळा-मुठेच्या काठाची शंभरेक एकर जमीन, त्यात झाडी आणि घर. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं बरंच चित्रण तिथलं. १९७८ चा सिनेमा. झीनत अमान आणि शशी कपूर आमच्या नदीकाठी आहेत म्हटल्यावर गावाने ऊस वाऱ्यावर सोडला होता, असं वडील सांगायचे. यातलं निम्मं मी सोडून देतो, कारण वडील इतर बाबतींतही असंच सांगायचे.

पृथ्वीराज आणि राज कपूर, दोघांच्या समाध्या तिथे आहेत. राज कपूर २ जून १९८८ ला दिल्लीत गेला. फाळके पुरस्काराच्या समारंभातच कोसळला होता, आठवत असेल. त्याच्यामागे त्याच्या बायकोने, कृष्णाबाईंनी बरीच वर्षं राजबाग ठेवली आणि मग पुण्याच्या एमआयटी शिक्षणसंस्थेच्या कराडांना दिली. तेव्हा गावात हाच सूर होता, सखाराम... माफ करा, काका, तुमच्या मेलमध्ये आहे तोच. बाग गेली, कपूर गेले, आता कॉलेजवाले सिमेंट ओतणार.

सिमेंट ओतलंच. २०१८ मध्ये तिथे ज्ञानेश्वर माउलींच्या नावाचा विश्वशांती घुमट उभा राहिला, व्यास १६० फूट. माझ्या डोळ्यांना तो मानवत नाही. आळंदीचं देऊळ बघितलेल्या माणसाला माउलींच्या नावाने एवढं प्रचंड बघवत नाही. पण समाध्या शाबूत आहेत, राज कपूरचं स्मारक केलंय, आणि मुख्य म्हणजे आता आत जाता येतं. कपूरांच्या काळात गडी-माणसं आणि युनिटवाले सोडले तर आमच्यातल्या कुणाला राजबागेचं फाटक उघडत नव्हतं. आता गावातली पोरं तिथे शिकतात, काहींना नोकऱ्या आहेत, बाहेर चहाच्या टपऱ्या लागल्यात. जमिनीच्या किमती काय झाल्या ते विचारू नका.

महाराष्ट्रात सिनेमाची जागा टिकली की बहुधा अशीच टिकते, तिथे शाळा भरते म्हणून. ‘प्रभात’ फिल्म कंपनी १९३३ ला कोल्हापूरहून पुण्याला आली, पुढे कंपनी बुडाली, आणि १९६० मध्ये त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. ती निघाली नसती तर लॉ कॉलेज रस्त्यावरची ती जागा बिल्डरांनी कधीच वाटून घेतली असती.

आता चॅप्लिन. काका, ते घर जपलं म्हणजे नेमकं काय झालं ते बघा. चॅप्लिन १९५३ च्या जानेवारीत तिथे राहायला आला, कारण अमेरिकेने त्याला परत येऊ दिलं नाही. १९७७ च्या नाताळात तिथेच गेला. संग्रहालय उघडलं १६ एप्रिल २०१६ ला, म्हणजे मध्ये जवळजवळ चाळीस वर्षं. एका शेजाऱ्याच्या हरकतीने काम वर्षानुवर्षं अडलं होतं. आज ते चालवते एक व्यापारी कंपनी, तिकीट लावून, आणि दुकानातल्या टोपीचे पैसे आपण मुकाट्याने देतो. विक्रीचं सोवळंओवळं इथेही कुणी पाळलेलं नाही.

इथे एक गोष्ट मात्र झाली, जी आपल्याकडे होत नाही. चॅप्लिनचे कागद कुणीतरी सांभाळले. पटकथांचे खर्डे, पत्रं, कात्रणं, सगळं. इटलीतल्या बोलोन्याच्या सिनेमा-संग्रहाने ते स्कॅन केलं, आणि फोटो इथे लोझानच्या एलिझे संग्रहालयाकडे दिलेले आहेत. घर नंतर उघडलं, कागद त्याआधीच सुखरूप होते.

आर. के. स्टुडिओला आग लागली १६ सप्टेंबर २०१७ ला. तिथे एका टीव्ही कार्यक्रमाचा सेट होता. आतले जुन्या सिनेमांचे पोशाख जळाले. नर्गिस, वैजयंतीमाला, सगळ्या नायिकांचे. ‘मेरा नाम जोकर’मधला मुखवटा गेला. त्या आठवड्यातल्या आपल्या यादीवरच्या मेल मी मुद्दाम काढून बघितल्या. दसऱ्याच्या जेवणात बासुंदी की श्रीखंड, यावरच वाद चाललेला आहे. आगीबद्दल एक ओळ नाही. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये ‘प्रभात’च्या जुन्या गोदामात आग लागली आणि नायट्रेटची, म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी रिळं खाक झाली, तेव्हाही कुणी निषेधाचा मसुदा केल्याचं ऐकिवात नाही.

भिंत पाडली तर निदान फोटो राहतो. पोशाख भाडेकरूच्या सेटशेजारी एकाच छपराखाली का ठेवले होते, हे तेव्हा कुणी विचारायला हवं होतं. देवनारच्या बंगल्यात काय काय होतं आणि ते कुठे हलवलं, हे विचारायची वेळ मात्र आत्ता आहे.

द. का.

•

प्रेषक: वि. पा., बासेल

द. का., सखाराम कोण ओ? ☺

बाकी सगळं पटलं, पण कोल्हापूरकर म्हणून एक बोलतोच. मालकाचा हक्क, मालकाचा हक्क म्हणून गप्प बसायचं नसतंय. जयप्रभा स्टुडिओ बघा की. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत तो जळला, भालजी पेंढारकरांनी कर्ज काढून परत उभा केला, कर्जापायी तो हातचा गेला आणि लता मंगेशकरांकडे आला. त्या गेल्यावर, २०२२ च्या फेब्रुवारीत, जागा आधीच विकली गेल्याचं बाहेर आलं आणि अख्खं कोल्हापूर रस्त्यावर आलं. कलाकार, तंत्रज्ञ, पेठेतली म्हातारी माणसं, सगळी धरणं धरून बसली. वारसा यादीत नाव असून ही गत. चेंबूरकरांनी गॅलरीतून गणपती बघितला, ठीक आहे. आमच्याकडं लोक फाटकापुढं बसले.

•

प्रेषक: मी. रा., न्यों

वि. पा., तुमच्या जयप्रभात निम्म्या कोल्हापूरच्या घरातलं कुणी ना कुणी कामाला होतं. म्हणून लोक बसले. देवनारच्या बंगल्यासाठी कोण बसणार, टाटा इन्स्टिट्यूटची मुलं? त्यांना बसायला इतर पुष्कळ कारणं असतात.

आणि स्टुडिओबद्दल ऋषी कपूर स्पष्ट बोलला होता. आगीच्या आधीपासूनच शूटिंगं अंधेरी-गोरेगावला जात होती, चेंबूरला कुणी येत नव्हतं. पाच भावंडांच्या मुलाबाळांनी पदरमोड करून ती जागा चालवायची, ही अपेक्षा आपण परदेशात बसून करतो. पुण्यातले स्वतःचे वाडे आपण कुणाला दिले ते एकदा यादीवर येऊ दे.

•

प्रेषक: स. गो., जिनिव्हा

आमचा सदाशिव पेठेतला वाडा भाडेकरूंमुळे द्यावा लागला, त्याची इथे चर्चा नको.

पत्र मी पाठवणारच. पण निषेधाचं नको, विचारणेचं करू. बंगल्यातली कागदपत्रं, छायाचित्रं आणि सामान पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे देण्याचा विचार आहे का, एवढंच विचारायचं. पत्र कुटुंबाला आणि एक प्रत संग्रहालयाला. द. का., इंग्रजी तुम्ही बघा. आणि सखाराम हे माझ्या मेव्हण्याचं नाव आहे, ते तुम्हाला कुठून मिळालं?

•

प्रेषक: चिटणीस

मंडळी, पत्रावर सभासदांची नावं घालायची असतील तर रविवारपर्यंत मला कळवा. मंडळाचं नाव घालायला कार्यकारिणीची मान्यता लागेल, ती बैठक पाडव्यानंतर आहे.

पाडवा २२ मार्चला, बुधवारी येतोय, म्हणून कार्यक्रम त्यानंतरच्या शनिवारी. चॅप्लिनच्या घराची सहल पुन्हा काढावी असं तिघांनी कळवलंय. गटाचं तिकीट स्वस्त पडतं, पण पैसे आगाऊ भरावे लागतात, आणि मागच्या सहलीचे काही जणांकडून अजून यायचे आहेत. नावं इथे लिहीत नाही.