पडणं ओळखणारं मॉडेल: टाळी वाजवली तरी अलार्म

प्रश्न: एमपीयू-६०५० (हालचाल मोजणारा सेन्सर) मनगटावर, ५० हर्ट्झ सॅम्पलिंग (सेकंदाला ५० नोंदी), २ सेकंदांची विंडो (नोंदींचा एकेक तुकडा), रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं मिळून बनलेलं मॉडेल). मॉडेल सिसफॉल या पडण्याच्या आणि रोजच्या हालचालींच्या खुल्या डेटावर शिकवलंय. टेस्टमध्ये अचूकता ९८ टक्के. प्रत्यक्षात टाळी वाजवली किंवा खुर्चीत धपकन बसलं तरी अलार्म. चुकतंय कुठे?

प्रतिसाद १: गोम डेटातच आहे. सिसफॉलमध्ये सेन्सर कमरेला होता, तोही २०० हर्ट्झवर. हाताची हालचाल या मॉडेलने बघितलेलीच नाही. पट्टा कमरेला न्या, नाहीतर मनगटाचा डेटा गोळा करा. आणि टेस्ट सेट विंडोनुसार पाडलाय की माणसानुसार? एकाच माणसाच्या विंडो दोन्हीकडे गेल्या की ९८ काय, ९९ पण येतात. अख्खी माणसं बाजूला ठेवून तपासा.

प्रतिसाद २: आधी सेन्सरचे कच्चे आकडे बघा. ३२७६७ वर (सेन्सर देऊ शकतो तो सगळ्यात मोठा आकडा) सपाट झालेले दिसले तर रेंज मूळच्या ±२ जी वरच आहे (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत त्वरण). टोक कापलं जातं, मग टाळी आणि आपटणं सारखंच दिसतं. सेन्सरच्या ०एक्स१सी (0x1C) रजिस्टरमध्ये, म्हणजे सेटिंगच्या जागेत, ०एक्स१८ (0x18) लिहा, ±१६ जी होईल. त्यानंतर कच्च्या आकड्याचे जी करताना भागायचं १६३८४ ने नाही, २०४८ ने. हे हमखास विसरलं जातं.

प्रश्नकर्ता: ३२७६७ च आहे!

प्रतिसाद १: मग रेंज बदलून मनगटाचा डेटा घ्या आणि नव्याने शिकवा, ±२ जी वर घेतलेला जुना डेटा चालणार नाही. शिवाय धक्क्यानंतर २-३ सेकंद हालचाल थांबते का तेही बघा. टाळी तिथेच गळते. मात्र भिंतीला टेकत हळूहळू घसरणारे आजी-आजोबा नजरेतून सुटतील, कारण तिथे धक्काच नसतो. सिसफॉलमधलं पडणं जवळपास सगळं तरुणांनी ठरवून केलेलं आहे.