सहा पिल्लं: जात कुठली, वय किती, आणि तलंगा (कोवळ्या माद्या) किती?

अंगणवेडी
मंडळी, खोक्यातून सहा पिल्लं घरी आलीत. देणाऱ्याला "कोंबडीची आहेत" यापलीकडे काही सांगता आलं नाही. चार पिवळी. एक काळं, डोक्यावर चुन्याचं बोट टेकवल्यासारखा ठिपका. सहावं राखाडी, पायांवरसुद्धा लव. पंखांत पिसं फुटलीत, शेपटीच्या जागी चारपाच काड्या, बाकी अंग लवेचंच. कोंबडा ठेवणं जमणार नाही, पहाटेची बांग शेजारी चालवून घेणार नाहीत. त्यामुळे नर किती ते आत्ताच कळलं तर बरं. एकाने सांगितलं, दोऱ्याला सुई बांधून पिल्लावर धर, गोल फिरली की मादी. धरली. सहाही वेळा गोल फिरली!

उनाड पीस
पंख उलगडून बघा. पिसांची लांबी आखूड-लांब असेल तर मादी, एकसारखी असेल तर नर. सोपं आहे.

जुनं खुराडं
सुई हात हलेल तशी फिरते, ती ठेवून द्या. आणि उनाडराव, पंखांची खूण खरी असली तरी ती मुद्दाम तशा जुळवलेल्या संकरातच चालते, तीही पिल्लू दोनतीन दिवसांचं असेपर्यंत. इथे आईबापच माहीत नाहीत.

वय आधी. पिसं क्रमाने येतात: पंख, मग शेपूट, मग खांदे, छाती-पाठ, डोकं सगळ्यात शेवटी. तुमच्या वर्णनावरून दहा ते चौदा दिवस. पण यात एक गोम आहे. लेगहॉर्नसारखी हलकी जात दहाव्या दिवशी पंख पार शेपटीपर्यंत नेते, तर जड जातीचं पिल्लू त्याच वयात उघडंबोडकं असतं. चार पिवळी शेजारी ठेवून बघा, सगळी एका मापाची आहेत का? जाड पाय, रुंद छाती, सारखं खाद्यापाशी बसलेलं असेल तर ते ब्रॉयलर. पिवळ्या लवेचं पिल्लू बहुधा पांढरं होतं, पण रंगावरून जात सांगणाऱ्यावर फार विश्वास ठेवू नका.

काळ्याचा ठिपका मात्र बोलतो. पट्ट्यापट्ट्यांच्या प्लायमाउथ रॉकची पिल्लं अशीच दिसतात. नराचा ठिपका मोठा, पसरट, मादीचा लहान आणि कडा नीट. पण तेच पिल्लू लाल कोंबडा आणि पट्टेरी कोंबडी यांच्या संकराचं असेल, तर ठिपका म्हणजे नर. त्या संकरातल्या माद्यांच्या डोक्यावर ठिपकाच नसतो. पिसं आल्यावर पट्टे दिसतीलच, पण एकट्या पट्ट्यांवरून निकाल लावू नका.

राखाडीची बोटं मोजलीत का?

बाकी नर-मादी साधारण सहाव्या आठवड्यात. तुरा लवकर लाल आणि मोठा झाला की नर समजायचं. हलक्या जातीत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच शंका येते. माझी एक "राणी" होती. शांत, हातावर झोपणारी, मी सगळ्यांना सांगत फिरायचो, ही तलंग पहिली अंडी घालणार. नवव्या आठवड्यात माझ्याच मांडीवर बसून तिने गळा काढला. बांगच होती ती, अर्धी फाटकी. नाव बदललं नाही, ओ द्यायचा की.

पंखमोजणी
गुदद्वार दाबून ओळखण्याची रीत आहे, जपानी लोकांनी बसवलेली. पण ती सरावलेल्या हातांची कामं. नवख्याने दाबलं तर पिल्लाच्या आतड्याला इजा होते. करू नका.

अंगणवेडी
बोटं मोजली. मागे दोन आहेत! एका पायाला पाच, दुसऱ्यालाही पाच. कातडी निळसर-काळी. पिवळ्यांत तीन सारखी, चौथं दुप्पट जड आणि आत्ताही खातंय.

जुनं खुराडं
पाच बोटं, काळी कातडी, पायांना पिसं: सिल्की. (डॉर्किंगलाही पाच असतात, पण तिची कातडी पांढरी, पाय उघडे.) याचं लिंग मात्र सहा आठवड्यांत विचारू नका. कधीकधी पाचसहा महिने जातात, बांग येईपर्यंत किंवा अंडं मिळेपर्यंत. चौथं ब्रॉयलर दिसतंय, त्याचं खाद्य मोजून द्या. वजन पायांना पेलेनासं होतं.

अंगणवेडी
म्हणजे त्या तिघांच्या तुऱ्यांवर लक्ष ठेवायचं, आणि राखाडीला सहा महिने नाव ठेवायचं नाही.

जुनं खुराडं
ठेवा की. फक्त "राणी" नको.